रसायन आधी विकणाऱ्याच्याच हाताला लागते

सोलापूरचा टेरी टॉवेल जर्मनीला किंवा फ्रान्सला निघाला की परदेशी खरेदीदार प्रयोगशाळेचा दाखला मागतो. कोणते रंग वापरले, त्यांतून घातक द्रव्ये सुटतात काय, हे त्या कागदावर लिहून द्यावे लागते. नान्नजची द्राक्षे युरोपला पाठवायची तर बागेतून नमुना घेतला जातो आणि औषधाचा अंश मर्यादेत आहे असा अहवाल आल्याशिवाय कंटेनर हलत नाही. हे सारे आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच माणसांच्या हातून होते. तेव्हा निर्धोक माल कसा काढावा हे सोलापूरला ठाऊक नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही.

प्रश्न वेगळा आहे. टॉवेलच्या सुताला रंग देणाऱ्या कारागिराच्या हाताला काय लागले, फळांच्या गोदामात पेट्यांशेजारी रात्र काढणाऱ्या पोराच्या नाकात काय गेले, याचा दाखला मात्र कोणी मागत नाही. गिऱ्हाईक साता समुद्रापलीकडचे असले की आपण जपतो आणि स्वतःच्या दुकानात, कारखान्यात, घरात मात्र "चालायचंच" म्हणून सोडून देतो. वास्तविक हिशेब उलटा आहे. गिऱ्हाइकाच्या घरी दोन डझन आंबे जातात. आडत्याच्या आणि हमालाच्या हातांतून रोज शेकडो किलो माल फिरतो. गिऱ्हाईक एक चादर पाच वर्षे पांघरते; रंगाऱ्याचे हात वर्षाचे तीनशे दिवस रंगात असतात. रसायन जर अपायकारक असेल तर त्याचा सर्वांत मोठा वाटा व्यापारी आणि कारागीर यांच्याच पदरात पडतो. म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर न देता आम्ही व्यापाराच्या पानावर घेतला आहे.

रंगाचा इतिहास कामगारांच्या आजारातून लिहिला गेला

कृत्रिम रंगांपासून कर्करोग होऊ शकतो ही गोष्ट जगाला कपडे घालणाऱ्यांमुळे कळली नाही, रंग बनवणाऱ्यांमुळे कळली. १८९५ साली जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे लुडविग रेन नावाच्या शल्यचिकित्सकाने अॅनिलीन रंगांच्या कारखान्यातील कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होत असल्याचे मांडले. पुढे बेंझिडीन हे द्रव्य त्यातील मोठे गुन्हेगार असल्याचे सिद्ध झाले. जपानमध्ये किमोनोच्या रेशमावर हाताने रंगकाम करणाऱ्या कारागिरांतही मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले. या कारागिरांना ब्रशाचे टोक ओठांत धरून अणकुचीदार करण्याची सवय होती. बेंझिडीनपासून केलेला रंग पोटात गेला की शरीर त्याचे तुकडे करून पुन्हा बेंझिडीनच मोकळे करते. आपल्याकडे ब्रश चाटण्याची पद्धत नसेल, पण रंगाच्या हाताने पान लावणे, बिडी ओढणे, भाकरी मोडणे हे चालूच असते. वाट तीच, तोंडाची.

१९९४ मध्ये जर्मनीने ज्या अॅझो रंगांतून घातक अमाइने सुटतात, अशा रंगांच्या कापडावर बंदी आणली तेव्हा भारतातल्या निर्यातदारांत मोठी खळबळ उडाली होती. परदेशी व्यापाऱ्यांचा डाव म्हणून त्याकडे पाहणारेही होते. पण १९९७ च्या मार्च महिन्यात आपल्या केंद्र सरकारनेही सत्तर अॅझो रंगांवर बंदी घातली. बेंझिडीनवर आधारित बेचाळीस रंगांवरील बंदी त्याआधीचीच होती. म्हणजे एकूण एकशेबारा रंग या देशात वापरण्यास मनाई आहे. युरोपीय संघाने २००२ मध्ये नियम करून एक किलो कापडात अशा अमाइनाची मर्यादा तीस मिलिग्रॅम ठरवली. ध्यानात घ्यायची गोष्ट ही की आपली १९९७ ची बंदी निर्यातीच्या मालापुरती नाही. साखर पेठेत विकली जाणारी चादर आणि हॅम्बर्गला जाणारा टॉवेल, दोघांना कायदा एकच.

मग अडचण कुठे येते? मोठा कारखाना नामांकित कंपनीचा सीलबंद डबा घेतो. दहा-पाच माणसांच्या डाईंगमध्ये मात्र पुष्कळदा सुटा रंग येतो. प्लॅस्टिकच्या पुडीत बांधलेला, वर फक्त "लाल" किंवा "काळा" लिहिलेला. त्यावर ना कंपनीचे नाव ना रंगाचा निर्देशांक. भाव कमी असतो, पण तो बंदी घातलेल्यांपैकी आहे की नाही हे सांगायला विकणाराही समर्थ नसतो. रंग-रसायनांचा व्यापार करणाऱ्या आपल्या बांधवांनी एवढे केले तरी पुष्कळ आहे: पुडीवर रंगाचे पूर्ण नाव व कलर इंडेक्स क्रमांक लिहिणे, आणि बंदी घातलेल्या अमाइनांपासून मुक्त असल्याचे कंपनीचे पत्र मागवून दुकानात ठेवणे. रंगाऱ्यानेही बिलाशिवाय रंग घेऊ नये. उद्या त्याच्याकडून सूत घेणाऱ्या निर्यातदाराचा गठ्ठा परत आला, तर बिल नसलेल्या माणसाला बोलायला तोंड राहत नाही.

कर्करोग ही वर्षानुवर्षांची गोष्ट झाली. रोजचा त्रास वेगळ्याच वस्तूंचा असतो. हायड्रोसल्फाइट घ्या. डाईंगमध्ये त्याला नुसते "हायड्रो" म्हणतात. त्याचा डबा दमट जागेत उघडा राहिला की तो आपोआप तापतो, पेटू शकतो, आणि गंधकाचा जळजळीत वायू सोडतो. हा डबा धुमसू लागला म्हणून वर बादलीभर पाणी ओतणे म्हणजे आगीत तेल. डबा कोरड्या जागी, जमिनीपासून उंच, घट्ट झाकणाने ठेवावा आणि कोरड्या डावाने काढावा. कॉस्टिक सोड्याचा नियम प्रत्येक उस्तादाला माहीत असतो, पण नव्या पोराला सांगायचे राहून जाते: पाण्यात थोडा थोडा कॉस्टिक टाकायचा, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही. उसळलेला थेंब डोळ्यात गेला तर बुबुळ कायमचे जाऊ शकते. अशा वेळी डोळा वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटे धरावा आणि मगच दवाखान्याची वाट धरावी. ब्लीचिंग पावडरचे पोते आणि आम्लाचा कॅन शेजारी शेजारी ठेवू नयेत. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो.

रिअॅक्टिव्ह रंगांची भुकटी बारीक असते. ती तोलताना उडते, आणि ती वर्षभर श्वासातून जात राहिली की काही कारागिरांना दमा जडतो. एकदा शरीराने त्या रंगाचा धसका घेतला की पुढे चिमूटभर भुकटीही त्रास देते आणि माणसाला धंदा बदलावा लागतो. तोंडाला रुमाल बांधून ही भुकटी अडत नाही. करोनाच्या काळात सर्वांच्या परिचयाचा झालेला एन-९५ मास्क अडवतो, पण तोही वायू अडवत नाही, हे विसरू नये. तोलताना पंखा बंद ठेवणे, भुकटी आधी थोड्या पाण्यात कालवून घेणे, तोलण्याची जागा जेवणाच्या जागेपासून वेगळी ठेवणे, यांना पैसा लागत नाही.

आणि हात! संध्याकाळी हाताचा रंग काढण्यासाठी ब्लीचिंग पावडर किंवा हायड्रो चोळण्याची सवय या धंद्यात जुनी आहे. वुजू करायची असते, घरी जायचे असते, निळे-लाल हात बरे दिसत नाहीत. पण ब्लीचिंगने रंगाबरोबर कातडीचे तेलही निघून जाते, भेगा पडतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच भेगांतून रंग आत शिरतो. खाज, फोड, कातडी जाड होणे हे त्यातूनच येते. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, काम सुरू करण्यापूर्वी हाताला खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन आणि संध्याकाळी साधा साबण, हा उपाय स्वस्तातला आहे. मोजे घालून सुताची लड नीट हाताळता येत नाही, अशी तक्रार असते आणि ती अगदीच खोटी नाही. पण मापाचा मोजा आणि सगळ्यांना एकच ढगळ मोजा यांत फरक आहे. मालकाने दोन मापांचे घ्यावेत. रंगाचे कपडे घरी नेऊन मुलांच्या कपड्यांत धुऊ नयेत.

रंगाऱ्याला लघवीतून रक्त गेले, वेदना नसली तरी, तर त्याने लगेच डॉक्टरकडे जावे आणि "मी रंगाचे काम करतो" हे आपणहून सांगावे. डॉक्टर विचारतीलच असे नाही.

रंगाचा विषय निघाला आहे तर ईदच्या बाजारातल्या दोन वस्तूंचे नाव घेणे भाग आहे. रमजानमध्ये विजापूर वेशीच्या मीना बाजारात मेंदीच्या कोनांची आणि सुरम्याची मोठी विक्री होते. मेंदीच्या पानाचा नैसर्गिक रंग नारिंगी ते तपकिरी-लाल असतो. घटकाभरात कोळशासारखा काळा रंग देणाऱ्या कोनात बहुधा केसांच्या कलपातले पीपीडी नावाचे रसायन असते. त्याने हातावर नक्षीच्याच आकाराचे फोड उठतात आणि अशा व्यक्तीला पुढे आयुष्यभर कलपाचीही अॅलर्जी राहू शकते. सुरम्याबाबत प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण तो तान्ह्या मुलांनाही घातला जातो. सुरमा मूळचा अँटिमनीचा समजला जातो, परंतु बाजारातील सुरम्याच्या नमुन्यांत शिसे असल्याचे देशोदेशींच्या तपासण्यांत वारंवार आढळले आहे. लहान मुलाच्या शरीरात थोडे शिसे गेले तरी त्याच्या बुद्धीच्या वाढीवर परिणाम होतो. आपल्या देशातही शिसे व आर्सेनिक यांची संयुगे रंगासाठी वापरून सौंदर्यप्रसाधने बनवण्यास मनाई आहे. अत्तर-सुरम्याचे दुकान चालवणाऱ्यांनी घाऊक विक्रेत्याकडे शिशाच्या तपासणीचा अहवाल मागावा. अहवाल देत नसेल त्याचा माल कितीही जुन्या नावाचा असो, मुलांसाठी म्हणून विकू नये.

मक्त्याची बाग आणि तीत राहणारे कुटुंब

आता कापडाकडून फळांकडे वळू. सोलापूरच्या फळ-भाजीच्या धंद्यात बागवान समाजाचा वाटा मोठा आहे, आणि या धंद्यातील एक रीत बाहेरच्यांना ठाऊक नसते. पुष्कळ व्यापारी पेरू, आंबा, चिंच, सीताफळ यांची झाडे बहरातच मक्त्याने घेतात. मग राखणीसाठी सारे कुटुंब बागेतल्या झोपडीत मुक्कामाला जाते. तिथेच चूल, तिथेच पाण्याचा माठ, तिथेच पाळणा. शेतकरी किंवा मक्तेदार फवारणी करतो ती याच झोपडीच्या डोक्यावर.

औषधाच्या डब्यावर चौकोनी खूण असते. तिच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहावा. लाल म्हणजे अति विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. वाचता न येणाऱ्यालाही कळावे म्हणून ही योजना कीटकनाशक कायद्याखालील नियमांनी केली आहे, आणि तरीही शंभरातल्या किती जणांना ती माहीत असेल, शंका आहे. लाल आणि पिवळ्या खुणेचे औषध ज्या दिवशी मारायचे त्या दिवशी बायका-मुलांनी बागेत नसावे. माठ, पीठ, कपडे झाकून ठेवणे पुरेसे नाही, ते हलवावेत.

डब्यावर आणखी एक ओळ असते: शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस फळ तोडू नये. ही ओळ व्यापाऱ्याच्या कामाची. भाव वाढला की तोड लवकर होते आणि नेमके तेच फळ आधी राखणदाराची मुले खातात. बाग मक्त्याने घेताना करारातच "फवारणीची तारीख व औषधाचे नाव मक्तेदाराला सांगावे" अशी एक ओळ घालता येते. पानभर वही पुरते. वरवरची औषधे वाहत्या पाण्यात चोळून धुतल्याने बरीच जातात; झाडाच्या रसात भिनणारी आंतरप्रवाही औषधे धुऊन जात नाहीत. त्यांच्यासाठी दिवस मोजणे हाच उपाय.

वहीचे महत्त्व द्राक्षवाल्यांना चांगलेच कळले आहे. २०१० मध्ये महाराष्ट्राच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश सापडल्याने युरोपात कंटेनर अडकले आणि अनेक बागाईतदार कर्जात गेले. तेव्हापासून कोणते औषध कधी मारले याची नोंद आणि तपासणी ही तिथे सवयीची झाली आहे. डाळिंबासाठी तर राष्ट्रीय संशोधन केंद्रच २००५ पासून सोलापुरात आहे. कोणत्या औषधाला किती दिवस थांबायचे याचे वेळापत्रक अशा केंद्रातून आणि कृषी खात्याकडून मिळते. परदेशच्या पेटीसाठी पाळले जाणारे वेळापत्रक लक्ष्मी मार्केटच्या पाटीसाठी पाळू नये, असे कुठे लिहिलेले नाही.

फवारणीचे काम अंगावर घेणाऱ्यांनी यवतमाळ विसरू नये. २०१७ च्या पावसाळ्यात त्या जिल्ह्यात कापसावर औषध मारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयांत गेले. पुरुषभर वाढलेला कापूस, दोन-तीन औषधांचे एकत्र मिश्रण, उघडे अंग. आंब्याच्या झाडावर तर औषध वर मारायचे असते, म्हणजे ते स्वतःच्याच अंगावर येते. पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी, चष्मा, वाऱ्याकडे पाठ, आणि काम संपताच साबणाने अंघोळ. जीव घाबरा होणे, फार घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांची बाहुली बारीक होणे ही लक्षणे दिसली तर कपडे काढून अंग धुवावे, ओकारी काढण्याच्या भानगडीत पडू नये, आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. डबा पाहिला की डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो.

रिकाम्या डब्यांचाही एक धंदा आहे. भंगारवाल्यांत आपले बांधव पुष्कळ आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहितो. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेतील दुपारचे जेवण खाऊन तेवीस मुले मृत्यू पावली. जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले होते, स्वयंपाकाच्या तेलाच्या रूपाने. औषधाचा डबा कितीही धुतला तरी तेलाला, रॉकेलला, पाण्याला देऊ नये. भंगारात घेताना तो आधीच भोसकलेला असावा. चार-आठ आण्यांचा डबा आहे तो.

किराणा आणि भुसार दुकानांत एक वेगळीच वस्तू असते, धान्यात ठेवायच्या "सल्फास"च्या गोळ्या. हवेतला ओलावा लागताच त्यांतून फॉस्फिन वायू निघतो. त्यावर उतारा असे औषध नाही. या गोळ्यांचा वापर सरकारी यंत्रणा आणि प्रशिक्षित कीडनियंत्रकांच्या देखरेखीखालीच व्हावा असा नियम आहे. खाली दुकान आणि माळ्यावर बिऱ्हाड अशी घरे बेगम पेठेत काय आणि बाळीवेशीत काय, सगळीकडे आहेत. अशा घरात ही गोळी उघडणे म्हणजे झोपलेल्या लेकरांशी जुगार खेळणे होय. मालदांडी ज्वारी कडक उन्हात वाळवून, गार करून, हवाबंद कोठीत भरली तर तिला गोळी लागत नाही. डाळींना एरंडेल चोळण्याची आजीची रीत अजूनही काम देते.

पिवळे आंबे, कच्ची कोय

फळबाजारातली सर्वांत परिचित पुडी म्हणजे कार्बाइडची. कुठे तिला "मसाला" म्हणतात. वेल्डिंगच्या कामात लागणारा हा खडा. त्याला ओलावा लागला की अॅसिटिलीन वायू निघतो, उष्णता होते आणि फळाची साल पिवळी पडते. (नाव ऐकून अनेकांना भोपाळ आठवते. १९८४ साली तिथे सुटलेला वायू निराळा, मिथिल आयसोसायनेट, कीटकनाशक बनवण्यासाठी साठवलेला. कंपनीचे नाव मात्र याच खड्यावरून पडले होते. तिचा जुना धंदा कार्बाइड बनवण्याचाच.)

औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात आणि ते वायूबरोबर बाहेर पडतात. चक्कर, सतत तहान, घशाची जळजळ, गिळायला त्रास, उलट्या, कातडीवर व्रण अशा तक्रारी यातून होतात, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नमूद केले आहे. आता विचार करा: बंद गोदामात हे सर्वांत जास्त कोणाच्या वाट्याला येते? पुड्या बांधणाऱ्याच्या, पेट्या लावणाऱ्याच्या, आणि राखणीसाठी तिथेच झोपणाऱ्याच्या. घामेजलेल्या हाताला कार्बाइडची भुकटी लागली की तिथेच ती चुना होऊन भाजते. शिवाय अॅसिटिलीन पेटणारा वायू आहे. बंद खोलीत बिडी शिलगावली तर काय होईल ते सांगायला नको.

फळ पिकवण्यासाठी कार्बाइड वापरण्यास फार पूर्वीपासून, भेसळ प्रतिबंधक कायद्याच्या काळापासून बंदी आहे आणि २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांतही ती कायम आहे. ही बंदी गाडीवाल्याला अधिक जाचक ठरते, हेही खरे. चार पेट्या आडतीवरून उचलून कुंभार वेशीत गाडी लावणाऱ्याला माल कशाने पिकवला ते माहीत नसते. तपासणी झाली की नमुना मात्र त्याच्या गाडीवरून जातो. म्हणून त्याने आडत्याकडे "माल कशावर पिकवला" हे विचारावे आणि पावतीवर लिहून मागावे. आडत्याला ते आवडणार नाही. पाच गाडीवाल्यांनी मिळून विचारले तर तो ऐकेल.

कार्बाइडचा माल ओळखण्याची नजर जुन्या बागवानांना असते. साल एकसारखी पिवळीधमक, वास नाही, आत कोयीजवळ गर आंबट आणि पांढरट, आणि दोन दिवसांत सालीवर काळे डाग. म्हणजे व्यापारातही हा तोटाच. सकाळी सुंदर दिसणारा माल परवा फेकावा लागतो.

पर्याय काय? आंब्यासाठी आपल्या बापजाद्यांची अढी आहेच. गवताचा थर, आंब्याचा थर. पिकलेल्या फळातून स्वतःच इथिलीन वायू निघतो आणि तो शेजारच्या फळांना पिकवतो. म्हणूनच अढीत एक पिकलेला आंबा टाकायची रीत होती. आजच्या रायपनिंग चेंबरमध्ये तेच तत्त्व आहे, फक्त इथिलीन बाहेरून सोडतात. २०१६ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत इथिलीन वापरण्यास मान्यता दिली. हे प्रमाण किती थोडे आहे पाहा: दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच खोलीला जेमतेम तीन लिटर वायू पुरतो. मात्र इथेफॉनच्या पाण्यात फळे बुडवून काढणे हे या परवानगीत बसत नाही. इथेफॉनच्या भुकटीची सॅशे पेटीत ठेवली तरी ती फळाला चिकटता कामा नये.

केळीचे शास्त्र ठरलेले आहे. करमाळ्याच्या कंदर भागातून आखाती देशांत केळी जातात, त्यामुळे जिल्ह्यात ते जाणणारी माणसेही आहेत. खोलीचे तापमान सोळा ते अठरा अंश, हवेत भरपूर ओलावा, चोवीस तास इथिलीन, मग दार उघडून हवा बदलणे. हवा बदलणे महत्त्वाचे, कारण पिकणारे फळ कर्बवायू सोडते. तो साठला तर पिकणे मंदावते आणि आत जाणारा माणूस गुदमरतो. चार-पाच दिवसांत घड एकसारखा पिवळा होतो आणि कार्बाइडच्या घडापेक्षा जास्त दिवस टिकतो.

खर्चाचा मुद्दा खरा आहे. चेंबर एकट्या छोट्या व्यापाऱ्याच्या आवाक्यात येत नाही. फलोत्पादन विकासाच्या सरकारी योजनांत रायपनिंग चेंबरला बँकेच्या कर्जाशी निगडित अनुदान आहे, पण त्यासाठी नोंदणी, जागेचे कागद आणि बँकेचा होकार लागतो, आणि व्याजाच्या कर्जापासून दूर राहणाऱ्यांना ती वाट बंदच. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग उरतो. दहा-बारा जणांनी भागीदारीत भांडवल घालून एक खोली उभारावी आणि क्रेटमागे भाडे आकारून इतरांचाही माल पिकवून द्यावा. आंब्याचा हंगाम संपला की केळी आहेतच, त्यामुळे खोली बारा महिने रिकामी पडत नाही. रमजानमध्ये इफ्तारसाठी केळीची मागणी एकदम चढते आणि नेमकी तेव्हाच घाईची पुडी हात पुढे करते. चेंबरवाल्याने महिनाभर आधी आठवड्याचे वेळापत्रक बांधून घेतले तर ती घाई उरत नाही.

ज्यांना तेवढेही शक्य नाही त्यांनी निदान गोदामात झोपणाऱ्या पोराची खाट आज रात्रीपासून बाहेरच्या ओट्यावर हलवावी.